तेंदूचं डोकं

१

रविवारी सकाळी शोभाताईनं ऑफिसातलं काचेचं कपाट उघडलं, तर आतलं डोकं गायब.

घाबरू नका, माणसाचं नाही. गोल्फ नावाचा एक साहेबलोकांचा खेळ आहे. त्यात लांब काठीनं लिंबाएवढा चेंडू मारतात आणि मग तो शोधत रानभर हिंडतात. त्या काठीच्या टोकाले गुळगुळीत गट्टू असतो, त्याले डोकं म्हणतात. आमच्या पांढरकवड्यात, कापसातून सरकी, म्हणजे बी, काढणाऱ्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, अशी लाकडी डोकी बनतात हे सांगतलं की बाहेरचे लोक हसतात. हसू द्या. दोन हजार सहाचा तो उन्हाळा. कापसानं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं, जिनिंगा एकामागं एक बंद पडत होत्या, आणि या डोक्यांच्या जोरावर गावातल्या बारा-चौदा चुली पेटत होत्या. लहान गोष्ट नाही ही.

ही सारी करणी यज्ञेश्वर उमरीकर साहेबाची. शोभाताईचे मालक, म्हणजे यजमान. जिनिंगचे इंजिनियर होते. एकदा कामठीले कोण्या फौजी साहेबाले त्यांनी खेळताना पाहिलं. चेंडू मधोमध लागला तर ठीक, जरा बाजूले लागला की काठी हातात फिरे, चेंडू भलतीकडे जाई आणि खेळणाऱ्याच्या हाताले झिणझिण्या येत. उमरीकर साहेब घरी आले ते सरळ जिनाच्या मोठ्या चाकापाशी जाऊन बसले. ते चाक काठाले जड असतं, म्हणून कापसाचा गोळा अडकला तरी डगमगत नाही. मग काठीचं वजन मध्यात काहून ठेवाचं? त्यांनी तेंदूच्या काळ्या गाभ्याचं डोकं कोरलं आणि पितळेचं वजन त्याच्या कडेकडेनं बसवलं. चेंडू कुठंही लागो, काठी फिरत नाही. 'चूक माफ करणारी काठी' असं ते म्हणत. सातासमुद्रापलीकडे कोणीतरी असाच विचार आधी करून ठेवला होता, हे त्यांले मागून समजलं. तर हसले आणि म्हणाले, बरं झालं, मी एकटाच येडा नाही.

आता जगात धातूच्या काठ्या आल्या. पण लाकडी काठीचे शौकीन अजून आहेत, आणि त्यांले उमरीकरांचंच डोकं लागतं. हे प्रत्येक डोकं त्या पहिल्या डोक्यावरून उतरतं. मशीनचं एक चाक पहिल्या डोक्यावरून फिरतं, आणि जसं ते फिरतं तसंच पलीकडचं पातं नव्या लाकडाले कापत जातं. पहिलं नाही, तर दुसरं नाही.

साहेब मागच्या दिवाळीत गेले. सोमवारी नागपूरचे कर्नलसाहेब येणार होते. पहिलं डोकं हातात घेऊन पाहायचं आणि मग वर्षभराची ऑर्डर द्यायची, असं त्यांचं बोलणं होतं. ऑर्डर नाही तर शेडले कुलूप.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक शोभाताईच्या देवघराच्या खुंटीवर. दुसरी जमनीच्या पदराले.

जमनी म्हणजे झरीकडची कोलाम आदिवासी बाई. लाकूड घासून गुळगुळीत करण्यात तिची हयात गेली. जंगलखात्याच्या लिलावातून तेंदू आणला की कोणता ओंडका घ्यायचा हे साहेब तिलेच विचारत. शोभाताईनं त्या सकाळी तिच्यापुढं हात केला, तिनं काही न बोलता गाठ सोडली आणि किल्ली देऊन टाकली. आजच्या दिवसात डोकं मिळालं नाही तर उद्या पोलिसात जायचं ठरलं. पोलिसात गेलं तर पहिलं नाव कोणाचं पडणार, हे सांगाले जोतिषी कायले पाहिजे?

२

मी भीमराज. एसटीत कंडक्टर, पांढरकवडा डेपो. या गोष्टीतला डिटेक्टिव्ह मी नाही. ती माझी बायको साधना.

साधना शेतकी कॉलेजची पदवीधर. सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर होती. गाडी आली की कापसात हात घालायचा, चिमूटभर रुई अंगठ्यात धरून ओढायची आणि सांगायचं, हा कापूस पहिल्या प्रतीचा, हा दुसऱ्या. भल्याभल्यांची लबाडी तिनं त्या अंगठ्यात पकडली आहे. मग खरेदी केंद्रंच बंद पडली आणि बाई घरी बसली. आता ती भेंडी ग्रेड करते. पोळी ग्रेड करते. मलेही करते, मी 'रिजेक्ट'च्या जरा वर आहे.

त्या रविवारी माझी सुट्टी होती. सकाळी बिजलीबाईकडे दूध आणाले गेलतो. बिजलीबाईच्या चार म्हशी आणि एक वासरू, ते वासरू तिच्या पोरासारखं लाडाचं. त्या दिवशी त्याच्या गळ्यात लालजर्द मखमलीची पट्टी बांधली होती. मी म्हटलं, बाई, पोरगं लग्नाले उभं केलं का? बिजलीबाई मागं धाडधाड सरकीच्या पेंडीची ढेप फोडत होती, म्हशींसाठी. तिथूनच ती म्हणाली, तुमच्या दुधात पाणी नाही टाकत एवढं पुरे नाही का, वासराकडे कायले पाहता? मी दूध घेतलं आणि निघालो.

घरी आलो तर शोभाताईचा फोन, डोकं गेलं, साधनाची पारख पाहिजे म्हणून. साधनानं चपला घातल्या. मले म्हणाली, विक्कीचे बाबा, स्कूटर काढा. मी म्हटलं, चहा? ती म्हणाली, चहा जमनीपेक्षा मोठा नाही.

आता ही गोष्ट खरी होती. उमरीकर साहेबाच्या शेडनं आमच्या वस्तीतल्या पाच घरांले काम दिलं आहे. साहेबानं कधी कोणाची जात नाही विचारली, हात विचारले. त्यांच्या माघारी त्यांच्या शेडमध्ये एका गरीब बाईले चोर म्हणून उभं करावं, हे मलेही गोड लागलं नसतं. मी चहा सोडला.

३

ऑफिसात शिरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मे महिन्यात मले थंडी वाजली. बाहेर ऊन असं की डांबर वितळत होतं, आणि आत नवाकोरा एसी. शोभाताईचा पुतण्या स्वानंद पुण्याहून आला होता. पाहुणे येणार म्हणून त्यानं आठवड्यापूर्वी स्वतःच्या पैशानं तो बसवून घेतला. मी तर एसीच्या समोरच खुर्ची ओढली.

साधनानं कपाट पाहिलं. काच फुटलेली नाही, कुलूप मोडलेलं नाही. सकाळी कुलूप लागलेलंच होतं, असं शोभाताई म्हणाल्या. डोक्याखाली लाल मखमलीचं कापड असायचं, तेही गेलं. आठवडाभर मशीन बंद ठेवून रंगरंगोटी चालली होती, त्यामुळे मधल्या दिवसात कपाटाकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, भीमराज, लाल मखमल! बरोबर आहे तुमचं. पण मी एसीखाली बसलो होतो, आणि थंड झालेल्या डोक्याचा काही उपयोग नसतो.

साधनानं लिहाले कागद मागतला. शोभाताईनं टेबलाचा खण ओढला, तर अख्खा खण त्यांच्या हातात आला. पडतापडता वाचल्या.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "हा खण दर उन्हाळ्यात अडकतो. आम्ही दोघं मिळून ओढायचो, तेव्हा कुठे निघायचा. आज बोटानं निघाला."

मालकाची आठवण येऊन त्यांचे डोळे भरले. साधना त्या खणाकडे पाहत राहिली. मग तिनं खण आतबाहेर करून पाहिला. मले वाटलं, चोरीचं सोडून सुतारकाम काय करते ही?

४

स्वानंद म्हणजे शिकलेलं, गोरंगोमटं पोरगं. आईबाप नोकरीत, म्हणून लहानपणी सगळ्या सुट्ट्या इथंच काढलेल्या. त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला. सकाळी लवकर उठून मोटारसायकलनं मारेगावले मित्राकडे जाऊन आलो, असं तो म्हणाला. शेडमध्ये गेलता का, असं साधनानं विचारलं. नाही, तो म्हणाला, धुळीनं शिंका येतात, आल्यापासून शेडमध्ये पाय ठेवला नाही. साधनाचा पेन खाली पडला. ती वाकली आणि उचलून परत बसली. स्वानंदच्या बुटाच्या नाडीत काहीतरी पांढुरकं अडकलेलं मलेही दिसलं. पण आमच्या जिल्ह्यात कापूस कोणाच्या अंगावर नसतो?

फुलचंद हा शेडचा फोरमन, पॉलिशच्या कामात उस्ताद आणि तोंडानं तिखट. तो अंगणातच भेटला. जुना कूलर तिथं उन्हात पडला होता, त्याची गवताची जाळी वाळून कडकड वाजत होती. तो पाहून फुलचंद पेटलाच. हा कूलर साहेबाच्या हातचा, वीस वर्षं चालला, आणि पुण्याच्या पोरानं आल्या आल्या बाहेर फेकला, असं तो म्हणाला. त्याच्या मते सगळं उघड होतं.

"त्याले शेडची जागा विकाची हाये," तो म्हणाला. "डोकं गेलं की काम बंद. काम बंद की जागा मोकळी. जमनीचं नाव घेईन त्याच्या तोंडात किडे पडो."

साधनानं विचारलं, शेडमध्ये या आठवड्यात काय काय हललं? फुलचंद म्हणाला, पाहुण्यासाठी सफाई काढली. कोपऱ्यात जुन्या सरकीचा ढीग होता, तो शनिवारी पोत्यात भरून विकून टाकला. थोडी मारेगावच्या तेलघाणीवर गेली, थोडी गावातल्या म्हशीवाल्यांनी नेली. साहेब असते तर ढीग ठेवला असता, पण आता ढिगाचं काय काम?

मग जमनी. शेडच्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर. साधना तिच्याजवळ जमिनीवरच बसली. मी लांब उभा राहिलो, पण कान तिकडेच होते.

"म्या नाई नेलं, बाई," जमनी म्हणाली.

"मले माहीत आहे," साधना म्हणाली. "पण कोणी नेलं ते तुले माहीत आहे, म्हणूनच किल्ली देताना तू एक शब्द बोलली नाहीस. तू पाहिलंस."

जमनीनं मान खाली घातली. साधनानं परत विचारलं. पोलीस येतील, तुले ठाण्यात बसवतील, तेव्हाही सांगणार नाहीस का? जमनीनं नुसती मान हलवली. नाही. ती बाई ठाण्यात जायले तयार होती, आणि तोंड उघडाले तयार नव्हती.

५

घरी येऊन साधना भेंडी चिरत बसली. तिचं डोकं भेंडीवरच चालतं. मी म्हटलं, फुलचंदचं म्हणणं मले पटतं. पोरगं जागा विकाले आलं आहे. मारेगावले कोणता मित्र आहे त्याचा? डोकं तिकडे विकून आला असेल.

साधना म्हणाली, "विक्कीचे बाबा, तुम्ही बोंड पाहून कापूस सांगून राह्यले. धागा ओढून पाहा जरा."

आणि तिनं ओढला. चोर कपाट उघडतो, कुलूप परत लावत बसत नाही. कुलूप लावलं म्हणजे कोणाले लवकर समजू द्यायचं नव्हतं, थोडे दिवस पाहिजे होते. चोर खालचं मखमल कायले नेईल? वस्तू गुंडाळून कोण नेतं? ज्याले तिले ओरखडा पडू द्यायचा नसतो तो. हे चोरून नेणं नाही, हे दवाखान्यात नेणं आहे.

मी म्हटलं, लाकडाले कोणता आजार?

"तो खण," ती म्हणाली.

आपल्याकडे उन्हाळाभर कूलर चालतो. पाण्याची हवा. त्या हवेनं लाकूड फुगतं, म्हणून दर उन्हाळ्यात खण अडकायचा. यंदा बोटानं निघाला. काहून? कूलर गेला आणि एसी आला. एसी हवेतलं सारं पाणी शोषून घेतो. खण आक्रसला. आणि त्याच खोलीत, वीस उन्हाळे कूलरची ओली हवा खाल्लेलं तेंदूचं डोकं होतं. ते आक्रसलं तर आतलं पितळ थोडीच आक्रसणार? मग लाकूड काय करेल?

"तडकेल," मी म्हटलं.

"तडकलंच," ती म्हणाली. "आणि एसी लावणाऱ्यालेच ते पहिल्यांदा दिसलं."

तिनं पदराच्या गाठीतून चिमूटभर पांढुरकं काढलं. स्वानंदच्या बुटातलं. अंगठ्यात धरून ओढलं. रुईचा धागा बोटाच्या पेराएवढा लांब येतो, हा आला नाही, नखाएवढ्यातच संपला. ही रुई नव्हती, सरकीवर उरते ती आखूड लव होती, तिच्यात सरकीच्या काळ्या टरफलाचा तुकडाही होता. जिनिंग कधीची बंद. गावात सरकी एकाच ढिगात होती, ज्या शेडमध्ये स्वानंदनं पायही ठेवला नव्हता त्या शेडमध्ये.

मी स्कूटर काढाले उठलो, तर ती म्हणाली, आधी जेवा. मग म्हणाली, नाही, नका जेवू. तिचा चेहरा बदलला होता. डोकं त्याच ढिगात पुरलेलं असणार, आणि तो ढीग शनिवारी विकला, हे तिले आत्ता आठवलं होतं.

६

स्वानंद त्या वाळलेल्या कूलरपाशीच उभा होता. साधनानं त्याले एवढंच विचारलं, तडा केवढा होता?

त्यानं सगळं सांगतलं. शुक्रवारी बाजाराचा दिवस, शेडमध्ये कोणी नाही असं त्याले वाटलं. तो ऑफिसात बसला असताना त्याले डोक्यावर केसासारखी रेघ दिसली, कडेपासून मध्यापर्यंत. काकांचं पहिलं डोकं त्याच्या एसीनं तडकलं होतं. लहानपणी त्यानं पाहिलं होतं, लाकूड तडकलं की काका ते सरकीच्या ढिगात पुरून ठेवत. सरकीचा ओलावा आणि तेल हळूहळू आत जाई, तडा मिटे. त्यानं देवघरातली किल्ली घेतली, डोकं मखमलीत गुंडाळलं आणि ढिगात पुरलं. सोमवारच्या आत काढून ठेवू, काकूंना कळणारही नाही. रविवारी पहाटे काढाले गेला, तर ढीगच नाही. मारेगावच्या घाणीवर धावला, तिथं सगळी पोती उपसली. नाही मिळालं.

"आणि जमनीचं नाव आलं तेव्हा तुमची जीभ कुठं गेलती?" साधनानं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण तो आवाज मी ओळखतो. तेवीस वर्षं संसार केला आहे.

स्वानंद रडत होता. म्हणाला, आज संध्याकाळी सांगणारच होतो. "काकूंना एवढंच एक उरलं होतं त्यांचं. आणि ते मी फोडलं."

साधना म्हणाली, जागा विकाची होती म्हणतात लोक. तो म्हणाला, नोकरी सोडून आलोय मी. इथेच राहायला. एसी त्या पैशातूनच घेतला.

फुलचंद मागं उभा राहून ऐकत होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, परत घातली, आणि पोत्यांचा हिशोब लावू लागला, कोण कोण म्हशीवाले येऊन गेले. दोन नावं घेतली. तिसरं घेतलं, बिजलीबाई.

आणि तेव्हा, एसी नसल्यामुळे असेल, माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

"साधना," मी म्हटलं, "त्या वासराच्या गळ्यात लाल मखमल आहे."

"कधी पाहिलं?"

"सकाळी. दूध आणाले गेलतो तेव्हा."

ती माझ्याकडे जशी पाहत होती, तशी ती पाण्यानं भिजवून वजन वाढवलेल्या कापसाकडे पाहते. काखेत कळसा आणि गावाले वळसा, दुसरं काय.

७

आम्ही पोचलो तेव्हा बिजलीबाई ढेप फोडत होती. हातात कुदळीचा जुना दांडा, आणि दांड्याच्या टोकाले काळंभोर, तेलानं चमकणारं उमरीकर साहेबाचं पहिलं डोकं.

साधनानं बिजलीबाईचा हात धरला.

बाई काही देईना. पोतं मी विकत घेतलं, पोत्यात निघालं ते माझं, हा तिचा कायदा. भोक आयतंच होतं, दांडा बसवला. मखमल वासराले बांधली. दांडा ढिला पडत होता म्हणून रात्रभर सरकी भिजवायच्या टाक्यात बुडवून ठेवलं, सकाळी घट्ट. कुदळ, कुऱ्हाड ढिली झाली की सारा गाव हेच करतो. पाण्यानं लाकूड फुगतं.

साधनानं डोकं उन्हात धरून फिरवलं. स्वानंदनं बोट फिरवलं, कुठं होती रेघ ते दाखवाले. रेघ नव्हती. बारीक शिवणीसारखी खूण होती, ती नखालाही लागत नव्हती. सरकीनं दोन दिवसांत जे केलं नसतं ते बिजलीबाईच्या टाक्यानं एका रात्रीत केलं होतं.

शेवटी बाईनं ते दिलं, पण ढेप फोडाचं नवीन हत्यार मिळेल या बोलीवर. आणि जाताना म्हणाली, "पण अशी नाई मिळाची जी. ढेपीवर वाकडीतिकडी मारली तरी हाताले झिणझिण्या येत नाई. माह्या जन्मात अशी पाहिली नाई म्या."

स्वानंदनं तिच्या पायाले हात लावला. बिजलीबाईले वाटलं, पोराले ऊन लागलं.

८

सोमवारी कर्नलसाहेब आले. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. मी एक दिवसाची रजा टाकली होती, डेपोत काय कारण सांगतलं ते विचारू नका. मले वाटलं होतं डोकं पुसून, दांडा काढून, मखमलीवर ठेवतील. शोभाताईनं तसं केलं नाही. त्यांनी डोकं कुदळीच्या दांड्यासकट टेबलावर ठेवलं आणि झालं ते सगळं सांगतलं. एसी, तडा, सरकी, म्हैस. ऑर्डर जायची असेल तर जाऊ दे, म्हणाल्या, पण यांच्या डोक्यावर खोटं ठेवून विकणार नाही.

कर्नलसाहेबानं विचारलं, ढेप कुठे मिळेल?

फुलचंदनं एक ढेप आणली, अंगणात ठेवली. साहेबानं दांडा धरला आणि मुद्दाम डोक्याच्या अगदी कडेनं मारला. ढेप फुटली. साहेब हाताकडे पाहत उभा राहिला. परत मारला, दुसऱ्या कडेनं. मग त्यानं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला.

"माफ कर देती है," तो म्हणाला. "उमरीकरजी ठीक कहते थे।"

ऑर्डर मिळाली. वर्षाची नाही, दोन वर्षांची. साधनाले लाकूड पारखाले तिथं काम मिळालं, तेव्हापासून आमच्या घरच्या भेंडीनं सुटकेचा श्वास सोडला आहे. पण गोष्ट तिथं संपत नाही.

कर्नलसाहेब गेल्यावर शोभाताईनं सगळ्यांले बसवलं. स्वानंद उठला आणि जमनीपुढं हात जोडून उभा राहिला. माफी मागतली. जमनी म्हणाली, बस बाबू, तुले मी कडेवर घेऊन फिरवलं आहे, हात कायले जोडतोस?

शोभाताईले राहवलं नाही. "जमनी, साधना म्हणते, तू शुक्रवारी याला पाहिलं होतंस. मग बोलली का नाहीस? मी तुझ्याकडून किल्ली काढून घेतली. मी पोलिसात गेले असते."

जमनीनं पदराचं रिकामं टोक बोटाभोवती गुंडाळलं.

"बाई, पहिल्या साली साहेबानं तेंदूचे गट्टू आणले होते. पयली ऑर्डर होती. लवकर वाळावे म्हणून म्या ते टिनाच्या छपरावर उन्हात ठेवले. सारे तडकले. साऱ्याहीनं विचारलं कोणं ठेवले, तं साहेब म्हणले, मीच ठेवले. माह्याकडे पाहिलंबी नाई. मंग ते गट्टू त्याहीनं सरकीत पुरले, पाहू म्हणले काय होते. तवापासून सरकीचं सुरू झालं."

स्वानंदनं वर पाहिलं.

"साहेबानं माही चूक कोणाले सांगतली नाई," जमनी म्हणाली. "तं मी त्याहीच्या पोराची काहून सांगू?"

शोभाताई खुर्चीत मागं टेकल्या. त्यांच्या मालकानं ही गोष्ट त्यांलेही सांगतली नव्हती. इतकी वर्षं त्या सगळ्या गावाले सांगत आल्या होत्या, आमचे हे इंजिनियर, पण पहिलीच लाकडं यांनी टिनावर भाजली. हसून सांगत. आता त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि कोणाकडे पाहून आभार मानावे ते त्यांले समजत नव्हतं. मलेही समजत नव्हतं, आणि मी तर बाहेरचा माणूस.

मग त्या उठल्या. जमनीकडून घेऊन गळ्यात अडकवलेली किल्ली काढली आणि जमनीच्या हातात ठेवली. जमनीनं ती पदराच्या टोकाले बांधली, दोन गाठी मारल्या. स्वानंद आणि फुलचंदनं मिळून एसी बंद केला आणि साहेबाचा कूलर उचलून खिडकीत लावला. जमनी बादली घेऊन आली आणि त्यात पाणी भरू लागली.